वाचकांचे प्रश्न : लाल पेशी, एक एन्झाइम आणि हिवतापाची गोळी

(या सदरात उत्तरं देणाऱ्या बाई जीवरसायनशास्त्राच्या निवृत्त संशोधक आहेत. लाल रक्तपेशींतल्या एन्झाइम्सवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. सध्या त्या यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातल्या आपल्या गावी राहतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत. – संपादक)

प्रश्न : मॅडम, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातून लिहितो. मागच्या पावसाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला हिवताप आला. आशाताईंनी बोटातून रक्त घेऊन लगेच तपासलं, गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला. पण तीन-चार दिवसांनी मुलाची लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली, डोळे पिवळे पडले, उभा राहिला की चक्कर. तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. रक्त चढवावं लागलं. डॉक्टरांनी कार्डावर ‘जी-सिक्स-पीडी कमी’ असं लिहून दिलं. आता गावातले म्हणतात गोळी खराब होती. माझी आई म्हणते बाहेरची बाधा होती. बायकोला कोणीतरी सांगितलं की हे आईकडून येतं, तेव्हापासून ती धड जेवत नाही. खरं काय समजायचं?

उत्तर : दादा, आधी मुलाच्या आईला हे वाचून दाखवा. तिच्या हातून काहीही वावगं झालेलं नाही. गोळी खराब नव्हती. आशाताईंनी जे केलं ते नियमाप्रमाणेच केलं. बाधा वगैरे तर नव्हतीच. तुमच्या मुलाच्या लाल पेशींत एक एन्झाइम जन्मापासून कमी आहे आणि ती गोळी नेमकी त्याच एन्झाइमची परीक्षा घेते. इतर वेळी मुलगा खेळतो, शाळेत जातो, कोणाला काही कळतही नाही.

तुमच्या वर्णनावरून मुलाला व्हायवॅक्स जातीचा हिवताप असावा. त्यावर दोन औषधं देतात. क्लोरोक्विन ३ दिवस. ते रक्तातले जंतू मारतं. पण या जातीचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस. हे दुसरं औषध अतिशय मोलाचं आहे, म्हणून गावात कोणी ‘ती गोळी नकोच’ म्हणू लागलं तर त्यांना थांबवा. मात्र प्रायमाक्विन शरीरात गेल्यावर त्यापासून असे पदार्थ तयार होतात, की जे पेशींमधल्या प्रथिनांची नासधूस करू पाहतात. या माऱ्यापासून वाचायला लाल पेशीजवळ ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. तो वापरला गेला की पुन्हा ताजा करावा लागतो. त्यासाठी जे लागतं, ते एनएडीपीएच, लाल पेशीत एकाच वाटेने बनतं आणि त्या वाटेच्या तोंडाशी ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज हे एन्झाइम उभं असतं. तेच तुमच्या कार्डावरचं जी-सिक्स-पीडी.

यकृताची पेशी असती तर तिने दुसरी वाट काढली असती, नवं एन्झाइम बनवलं असतं. लाल पेशीला ती सोय नाही. हिमोग्लोबिनला जास्तीत जास्त जागा मिळावी म्हणून तिने अस्थिमज्जेतून बाहेर पडतानाच केंद्रक टाकून दिलेलं असतं. मायटोकॉन्ड्रिया नाहीत, प्रथिनं बनवायची यंत्रणा नाही. जन्माच्या वेळी जी शिदोरी मिळाली तिच्यावर तिने सुमारे १२० दिवस काढायचे. तुमच्या मुलाच्या पेशींना ही शिदोरीच तोकडी मिळते आणि पेशीचं वय वाढेल तसं एन्झाइम आणखी घटतं. औषधाचा मारा आला की आधी म्हाताऱ्या पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं, म्हणून ती काळी. त्याचंच पुढे बिलिरुबिन होतं, म्हणून डोळे पिवळे.

आता करायचं काय? ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून जपा आणि मुलाला कुठल्याही दवाखान्यात नेलं तरी सुई-गोळीच्या आधी दाखवा. नेमकी पातळी कळायला ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी करून घ्या. इतकं थांबायचं कारण असं, की रक्त फुटल्यानंतर शरीर घाईघाईने नव्या पेशी बाहेर सोडतं. नव्या पेशींत एन्झाइम तुलनेने जास्त असतं आणि चढवलेल्या रक्तात तर दात्याचंच एन्झाइम असतं, त्यामुळे लगेच केलेली तपासणी खोटा दिलासा देते. तुमच्या डॉक्टरांनी रक्त चढवण्याआधीच नमुना घेतलेला दिसतो. फार दक्ष माणूस. घरात मुलाचे सख्खे भाऊ आणि मामा असतील तर त्यांचीही तपासणी करा.

पुन्हा व्हायवॅक्स झालाच तर रोजचं प्रायमाक्विन नको. अशा रुग्णांसाठी आठवड्यातून एकदा, असं ८ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायची पद्धत आहे. ते द्यायचं की नाही, हे तेच ठरवतील. कुष्ठरोगावरचं डॅप्सोन, लघवीच्या संसर्गावर देतात ते नायट्रोफ्युरँटॉइन, मेथिलीन ब्ल्यू ही टाळायच्या औषधांची नावं कार्डामागे लिहून ठेवा. तापाला पॅरासिटॅमॉल नेहमीच्या मात्रेत चालतं. खाण्यात फक्त बाकला टाळायचा. तो आपल्याकडे फारसा होतही नाही. वालाच्या शेंगा, बरबटी खुशाल खाऊ द्या. आणि कुठलंही औषध चालू असताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

हे आईकडून येतं, हेही खरं आहे. या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. पण आईला तो तिच्या आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो, त्यांना त्यांच्या आधीच्यांकडून. जगात ४० कोटींहून अधिक लोकांत ही कमतरता आहे असा अंदाज आहे, आणि जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या होता तिथेच ती जास्त सापडते. कारण अशा पेशींत हिवतापाच्या जंतूचं नीट बस्तान बसत नाही. तुमच्या बायकोच्या कुळातली किती लेकरं याच गुणामुळे तापातून वाचली असतील. जेवायला सांगा तिला.

प्रश्न : आपल्या आयुष्याची इतकी वर्षं एका पेशीतल्या एका एन्झाइमवर गेली. नेमकं काम काय होतं, आणि हाच विषय का घेतला? (निवृत्त शिक्षक, हिंगणघाट)

उत्तर : गुरुजी, एक नव्हे, बरीच एन्झाइम्स. लाल पेशी ग्लुकोजवरच जगते आणि ते पायरीपायरीने फोडायला तिला एन्झाइम्सची मोठी साखळी लागते. हेक्सोकायनेज, पायरुवेट कायनेज, जी-सिक्स-पीडी. प्रत्येकाचं मोजमाप वेगळं. मी ते मोजत आले.

विषय पकडला तो एका जुन्या प्रयोगामुळे. नागपूरला एम.एस्सी. करताना वाचनालयात त्याची हकीकत वाचली. दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेत इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात हिवतापाच्या नव्या औषधांच्या चाचण्या चालत. प्रायमाक्विन दिल्यावर काही कैद्यांचं रक्त फुटे, त्यात बहुतेक कृष्णवर्णीय. बाकीच्यांना काही होत नसे. दोष औषधाच्या पचनात आहे की रक्तात? शिकागोच्या संशोधकांनी अशा एका माणसाच्या लाल पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि त्या निरोगी माणसाच्या शरीरात सोडल्या. मग त्याला प्रायमाक्विन दिलं. खूण केलेल्या पाहुण्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. उलट प्रयोगात निरोगी पेशी त्या हळव्या माणसाच्या शरीरातही टिकल्या. म्हणजे दोष पेशीतच. हे १९५४ सालचं काम. त्याच गटातल्या अर्नेस्ट बॉयटलर यांना या पेशींतलं ग्लुटाथायोन टिकत नाही असं दिसलं आणि १९५६ मध्ये पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी जी-सिक्स-पीडीची कमतरता दाखवून दिली. इतकं स्वच्छ तर्काचं काम मी तोवर वाचलं नव्हतं. त्याच वेळी मन खातही होतं. तुरुंगातल्या माणसाची संमती किती मोकळी असते? आज जगभर जे रक्त वाचतं, त्याचं पहिलं मोल त्या कैद्यांनी दिलं, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आले.

बॉयटलर यांचं नाव मुद्दाम घेतलं. बर्लिनमधलं ज्यू कुटुंब. १९३५ मध्ये मुलांना घेऊन अमेरिकेला निघून आलं. या माणसाने पुढे लाल पेशींतल्या एन्झाइम्सच्या मोजणीला शिस्त लावली. त्यांची एक पद्धत तर आमच्यासारख्यांसाठी वरदान ठरली : रक्ताच्या थेंबात रसायन मिसळायचं, त्याचा ठिपका गाळणकागदावर टाकायचा, आणि अतिनील दिव्याखाली पाहायचं. ठिपका चमकला तर एन्झाइम आहे, अंधारा राहिला तर नाही. महागडं यंत्र नको.

माझं काम मुख्यतः आपल्या भागातल्या नमुन्यांवर. पांढरकवड्याच्या पुढच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, जायचं, रक्त घ्यायचं, थर्मासमध्ये बर्फ घालून एसटीने नागपूर गाठायचं. जी-सिक्स-पीडी थंडीत बऱ्यापैकी टिकतं, पण पायरुवेट कायनेजचं काम किचकट असतं. त्यात पांढऱ्या पेशी आधी पूर्ण काढाव्या लागतात, कारण त्यांच्यात हेच एन्झाइम भरपूर असतं. थोड्या जरी उरल्या तरी रुग्णाचा आकडा निरोग्यासारखा येतो. सेल्युलोजच्या स्तंभातून रक्त गाळून घ्यायचं, मग मिठाच्या द्रावणात पेशी धुवायच्या, मग फोडायच्या. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आत वीज गेलेली. पण अभिक्रिया ३७ अंशालाच मोजायची असते, तिथे तडजोड चालत नाही. पहाटे चारला प्रयोग लावायची सवय तेव्हाची, अजून सुटलेली नाही.

सर्वांत अवघड भाग प्रयोगशाळेबाहेर होता. ‘आमचं रक्त नेता, त्याचं काय करता?’ पोडावरचा नाईक विचारायचा, आणि त्याचा प्रश्न रास्त होता. आमच्या आधी रक्त नेऊन परत तोंड न दाखवणारे तिथे येऊन गेले होते. मी ठरवलं होतं की रिपोर्ट हातात घेऊन स्वतः जायचं आणि ज्याचा त्याला समजावून द्यायचा, शोधनिबंध नंतर. त्यात माझे निबंध कमी झाले, बढती उशिरा मिळाली. पण ज्या घरात कमतरता सापडली त्या घरातल्या म्हातारीलाही प्रायमाक्विनचं नाव पाठ झालं. हेच माझं खरं काम असं मी मानते.

आपल्या देशातल्या लोकांत या जनुकाचे वेगवेगळे प्रकार आहेत, हेही थोडं सांगते. १९६३ मध्ये मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता नोंदली गेली. पुढे एका प्रकाराच्या नावात आपलं कल्याण आलं, तो कल्याणच्या कोळी कुटुंबात सापडला म्हणून. आदिवासी समाजांत प्रामुख्याने आढळणाऱ्या प्रकाराला ओरिसाचं नाव मिळालं, १९९५ मध्ये. प्रत्येक प्रकारात एन्झाइम किती उरतं ते वेगळं, त्यामुळे त्रासही कमी-जास्त. म्हणूनच परदेशातले आकडे आपल्या पोडावर जसेच्या तसे लावू नयेत.

प्रश्न : मॅडम, मी घाटंजी तालुक्यात आशा हाओ. आमच्या इकडे बाळंतिणीच्या अन् लेकराच्या कपड्याइत डांबरगोया ठेवतेत. ट्रेनिंगमधी सांगतलं का त्या नोका ठेवू. काहून?

उत्तर : बाई, अगदी बरोबर सांगितलं तुम्हाला. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. त्याची वाफ श्वासातून आणि कपड्यातून कातडीवाटे बाळाच्या अंगात जाते. बाळाला जी-सिक्स-पीडी कमी असेल तर त्याचं रक्त फुटतं आणि कावीळ झपाट्याने चढते. ती मेंदूपर्यंत पोचली तर कायमचं नुकसान होतं. कोणत्या बाळाला कमतरता आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून कोणाच्याच कपड्यात नकोत. ठेवलेले कपडे असतील तर धुऊन, उन्हात चांगले वाळवून मगच बाळाला घाला. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला कपड्यांच्या तळाशी घातला तर पुरे. बाळाचे तळपाय-तळहात पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

प्रश्न : माझ्या भावाला जी-सिक्स-पीडी कमी आहे. माझी तपासणी केली तर ‘मध्यम’ आली. आमच्या चंद्रपूरकडे सिकलसेलचीही तपासणी लग्नाआधी करतात, ती माझी निगेटिव्ह आहे. आई म्हणते जी-सिक्सचं मुलाकडच्यांना सांगू नकोस, लग्न मोडेल. काय करू?

उत्तर : सांग, पण आधी स्वतः नीट समजून घे, म्हणजे सांगताना आवाज कापणार नाही.

सिकलसेल आणि ही कमतरता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सिकलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक घटक बदललेला असतो आणि पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. आजार होतो तो आई-बाप दोघांकडून तो गुण आला तर. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता. म्हणून तिथे दोघांची तपासणी आवश्यक. ती तू केलीस, छान केलंस. मुलालाही करायला सांग.

तुझ्या ‘मध्यम’चं कारण सुंदर आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात, पण त्यातला एकच काम करतो, दुसरा लवकरच मिटून जातो, आणि कुठल्या पेशीत कोणता मिटेल हे नशिबावर. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांवरून हे मांडलं, आणि १९६२ मध्ये बॉयटलर आणि सहकाऱ्यांनी तुझ्यासारख्याच स्त्रियांच्या लाल पेशींवरून माणसातही तसंच आहे हे दाखवलं. तुझ्या रक्तात पूर्ण एन्झाइमच्या पेशी आणि तुटीच्या पेशी शेजारी शेजारी वाहताहेत. ठिपक्याच्या तपासणीत तुझ्यासारख्या मुली अनेकदा ‘नॉर्मल’ म्हणून सुटतात. तुला आकडा देणारी तपासणी मिळाली हे बरं झालं. प्रायमाक्विन किंवा त्याच्याच जातीचं टॅफेनोक्विन घ्यायची वेळ आली तर तो आकडा डॉक्टरांना दाखव.

पुढे तुझ्या प्रत्येक मुलग्याला ही कमतरता येण्याची शक्यता निम्मी. आली तर बाळाच्या काविळीवर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवायचं आणि औषधांची यादी जपायची. अशी माणसं शेतात राबतात, पोलिसात असतात, सत्तरी ओलांडतात. यात लग्न मोडण्याजोगं काही नाही. लपवलंस तर मात्र उद्या बाळंतपणात सासरच्यांना काहीच माहीत नसेल आणि त्याची किंमत बाळ मोजेल. आईला माझा नमस्कार सांग आणि हे पत्र वाचायला दे.

प्रश्न : मी साकोलीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचे एक सर म्हणतात, लाल पेशींतल्या एन्झाइम्सचं सगळं शोधून झालं, आता जनुकांकडे जा. तुम्हाला काय वाटतं? आणि माझं गणित कच्चं आहे, चालेल का?

उत्तर : पोरी, जनुकांकडे जरूर जा, पण एन्झाइम सोडून नको. जनुकाचा अहवाल सांगतो अक्षर कुठे बदललं. त्या बदलाने पेशीचं किती अडलं, हे एन्झाइम मोजल्यावरच कळतं.

सगळं शोधून झालं म्हणतात त्यांना पायरुवेट कायनेजची गोष्ट सांग. ते एन्झाइम कमी असल्याने होणारा रक्तक्षय १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम व्हॅलेंटाइन आणि सहकाऱ्यांनी ओळखला. त्यानंतर कित्येक दशकं रुग्णांना रक्त चढवणं आणि प्लीहा काढणं यापलीकडे फारसं काही देता येत नव्हतं. २०२२ मध्ये मिटापिव्हॅट नावाच्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. ती काय करते? त्याच एन्झाइमला धरून त्याचा वेग वाढवते. सिकलसेलच्या रुग्णांतही तिच्या चाचण्या झाल्या आहेत, कारण पायरुवेट कायनेज जोरात चाललं की पेशीतला एटीपी वाढतो, २,३-डीपीजी हा पदार्थ घटतो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं; मग पेशी विळ्यासारखी वाकायला उशीर लागतो. सिकलचे एवढे रुग्ण आपल्या विदर्भात असताना त्यांच्या लाल पेशींतली एन्झाइम्स इथेच मोजणारी माणसं नकोत का? २०२३ मध्ये देशाने सिकल निर्मूलनाचं अभियान सुरू केलंय. त्यात तंत्रज्ञ लागतील, संशोधक लागतील, आणि पोडावर जाऊन रिपोर्ट समजावणारेही लागतील. मला विचारशील तर या तिसऱ्यांची सर्वांत जास्त टंचाई आहे.

गणिताचं म्हणशील तर कच्चं चालणार नाही, पण लागतं तेवढं सहज पक्कं होतं. एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. दर मिनिटाला शोषण किती वाढलं ते पाहायचं, ६.२२ या एनएडीपीएचच्या ठरलेल्या गुणांकाने भागायचं, विरलतेचा गुणाकार करायचा, आणि दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे किती युनिट ते काढायचं. त्रैराशिकच आहे. वहीत दहा-वीस खोटी उदाहरणं सोडवून मला पाठव, संपादक पत्ता देतील. मी तपासून परत पाठवीन.